हलवायाच्या घरावर तुळशीपत्र

आठवीच्या वर्गाला वाक्प्रचार शिकवताना हा एक हमखास अडायचा. पोरं विचारायची, "सर, हलवायाच्या घरावर तुळस कशाला ठेवायची?" मग समजावून सांगावं लागे. दान देताना त्या वस्तूवर तुळशीचं पान ठेवायचं, पाणी सोडायचं, की ती वस्तू आपली राहिली नाही. आता एक उदार गृहस्थ आले, त्यांनी समोरच्या हलवायाच्या घरावर पान ठेवलं आणि म्हणाले, घ्या, दिलं दान! घर हलवायाचं, पुण्य यांचं. पोरं हसायची. वाक्यात उपयोग करा म्हटलं की निम्म्या वर्गाच्या वहीत ग्रामपंचायतीच्या एखाद्या सदस्यावर वाक्य असायचं. असो.

या वाक्प्रचाराचं सर्वांत मोठं उदाहरण मात्र पाठ्यपुस्तकात कधी आलं नाही. तारीख २ नोव्हेंबर १९१७. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री आर्थर बाल्फोर यांनी लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांना एक पत्र लिहिलं. मुख्य मजकूर इंग्रजीत अवघा सदुसष्ट शब्दांचा. आमच्या वेळच्या मॅट्रिकच्या पेपरात सारांशलेखनालासुद्धा याहून जास्त शब्द मिळत. त्यात म्हटलं होतं की पॅलेस्टाइनमध्ये ज्यू लोकांसाठी राष्ट्रीय निवासस्थान व्हावं याला ब्रिटिश सरकार अनुकूल आहे. पॅलेस्टाइन त्या दिवशी कागदोपत्री तुर्की सुलतानाचं. जेरुसलेम ब्रिटिशांच्या ताब्यात आलं ते पुढच्या महिन्यात, डिसेंबरमध्ये. म्हणजे हलवाई दुकानात बसलेला, दुकान अजून हाती आलेलंही नाही, आणि तुळशीपत्र आधीच ठेवून झालं!

बरं, तिथे राहत कोण होतं? दहातले नऊ लोक अरब. त्यांचा उल्लेख त्या पत्रात कसा आहे हे मुद्दाम बघा. 'तिथले बिगर-ज्यू समाज', बस्स. त्यांच्या नागरी आणि धार्मिक हक्कांना धक्का लागू नये असं म्हटलंय, राजकीय हक्कांचं नावही नाही. उद्या शहापूर-मुरबाडच्या ठाकूर, कातकरी, कुणबी लोकांना कुणी सरकारी कागदात 'बिगर-मुंबईकर' म्हटलं तर कसं वाटेल, तसं ते आहे.

आणि हेच घर त्याआधी आणखी दोघांना दाखवून झालं होतं. १९१५-१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसेनला स्वतंत्र अरब राज्याची आशा दाखवणारी पत्रं गेली होती. त्या आश्वासनात पॅलेस्टाइन होतं की नव्हतं यावर पुढे पन्नास वर्षं वाद घातला गेला, तोही ब्रिटिशांनीच मोघम लिहिलं म्हणून. १९१६ मध्ये फ्रान्सशी गुपचूप वाटणीचा करार झाला होता, सायक्स आणि पिको या दोन साहेबांनी नकाशावर आखलेला. आमच्याकडे महामार्गाची मोजणी सुरू झाल्यावर एकाच सातबाऱ्यावर तिघांकडून इसार घेणारे एजंट निघाले. त्यांच्यावर निदान पोलिसात तक्रार तरी होते. बाल्फोरसाहेबांच्या नावाने तेल अवीवमध्ये रस्ता आहे.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण सांगतो. गेली दोन-तीन वर्षं आमच्या भागात या विषयावर दोनच प्रकारची माणसं भेटतात. एक प्रकार मोबाइलवर आलेलं पुढे ढकलणारा. मूठभर लोकांनी जगाला न जुमानता कसं राष्ट्र उभारलं, बघा, शिका, आपल्याला जमलं नाही, वगैरे. दुसरा प्रकार म्हणजे इस्रायल हे साम्राज्यवाद्यांचं बाहुलं आहे, एवढं एक वाक्य बोलून चहाचा कप खाली ठेवणारा. पहिल्याला वाटतं बड्या राष्ट्रांनी काहीच केलं नाही. दुसऱ्याला वाटतं सगळं त्यांनीच केलं, ज्यू माणूस त्यात नव्हताच. माझं भांडण दोघांशी आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की बड्या राष्ट्रांनी ज्यूंवर प्रेम म्हणून काही दिलं नाही. स्वतःच्या घराचं दार बंद ठेवता यावं म्हणून त्यांनी दुसऱ्याचं घर दाखवलं. आणि ज्या मराठी माणसांना हे सर्वांत आधी कळायला हवं होतं, त्यांना ते माहीत नाही, कारण आपले स्वतःचे ज्यू आपण विसरलो आहोत.

दार बंद ठेवण्याचा पुरावा हवा? याच बाल्फोरसाहेबांपासून सुरू करू. १९०५ साली ते ब्रिटनचे पंतप्रधान होते. त्या वर्षी त्यांच्या सरकारने परकीयांना रोखण्याचा कायदा केला. रशियात ज्यूंच्या कत्तली चालल्या होत्या आणि तिथून पळालेले गरीब ज्यू लंडनच्या पूर्व भागात येत होते, ते थांबवण्यासाठी. बारा वर्षांनी तोच माणूस ज्यूंचा वाली! इंग्लंडात नको, पॅलेस्टाइनात चालतील. अमेरिकेने १९२४ साली देशवार कोटा ठरवून पूर्व युरोपातल्या माणसांना जवळजवळ बंदीच केली. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधल्या एव्हियां या गावी बत्तीस देशांची परिषद भरली. हिटलरच्या तावडीतल्या ज्यूंना कोण घेणार, हा विषय. एकेक प्रतिनिधी उठला, त्याने सहानुभूती व्यक्त केली आणि खाली बसला. मोठ्या संख्येने घेण्याची तयारी दाखवली ती छोट्याशा डोमिनिकन रिपब्लिकने. पुढच्या वर्षी सेंट लुई नावाचं जहाज नऊशेवर ज्यू प्रवासी घेऊन क्युबाला गेलं. तिथे मोजक्यांना उतरू दिलं, अमेरिकेनेही घेतलं नाही, जहाज युरोपात परत. त्यातली अडीचशेच्या आसपास माणसं पुढे नाझींच्या हातून मेली.

आणि ब्रिटन? ज्याने तुळशीपत्र ठेवलं त्यानेच १९३९ मध्ये, ऐन मरणाच्या वेळी, पॅलेस्टाइनचंही दार ओढून घेतलं. पाच वर्षांत पंचाहत्तर हजार माणसं, त्यापुढे अरबांच्या संमतीशिवाय कुणी नाही. युद्ध जवळ आलं होतं, अरबांना दुखवायचं नव्हतं, तेलाचा आणि सुएझचा प्रश्न होता. म्हणजे १९१७ ला दिलं तेही युद्धासाठी आणि १९३९ ला काढून घेतलं तेही युद्धासाठी. साठ लाख ज्यू मारले गेल्यावर, १९४७ च्या उन्हाळ्यात, छळछावण्यांतून वाचलेली साडेचार हजार माणसं 'एक्झोडस' जहाजातून पॅलेस्टाइनच्या किनाऱ्याला आली, तर ब्रिटिशांनी त्यांना पकडून परत पाठवलं. कुठे? जर्मनीत, हाम्बुर्गला! यावर काय बोलावं.

त्याच काळात आपल्याकडे काय होतं तेही सांगतो, कारण हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ पासून १९४८ पर्यंत पाचएक हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक बायका आणि मुलं. ते बहुतेक कॅथलिक होते, ज्यू नव्हेत, म्हणून मी या उदाहरणाचा फार ताण करत नाही. पण दार उघडायला महासत्ता असावं लागत नाही, एवढं त्यावरून दिसतं.

आता कुणी म्हणेल, मास्तर, हे सगळं युरोपचं. आपल्याला काय त्याचं? मग आपल्या धरणांकडे या. तानसा धरण १८९२ साली पुरं झालं. मुंबई शहर तहानलेलं होतं, हे खरंच होतं. खोटी तहान नव्हती ती. शहराने ठरवलं, साहेबाने नकाशा पाहिला, शहापूरच्या डोंगरात पाणी अडवलं. पुढे भातसा झालं. आज मुंबईच्या पाण्यातलं जवळजवळ निम्मं भातसाचं. आणि मे महिन्यात शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत हंडे रांगेला लागतात, अगदी धरणाच्या आजूबाजूच्या पाड्यांवरसुद्धा. मुरबाडकरांनी हेच बारवीला पाहिलं. मुंबईकर वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझीच नातवंडं तिथे तेच पाणी पितात. पण तहान एकाची, जमीन दुसऱ्याची आणि सही तिसऱ्याची, असा व्यवहार झाला की पहिला आणि दुसरा पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या नावाने बोटं मोडतात. तिसरा निवृत्त होऊन पेन्शन खातो. ज्याची जमीन बुडाली त्याला 'तू तहानेच्या विरोधात आहेस का?' असं विचारणं हा चावटपणा आहे. आणि ज्याला तहान लागली त्याला 'तू चोर आहेस' म्हणणं हाही.

(तुलना मुंगीची आणि हत्तीची आहे, मला कळतं. भातसाने कुणाची कत्तल केली नाही. व्यवहाराची रीत दाखवायला घेतली.)

त्या सदुसष्ट शब्दांना लंडनच्या मंत्रिमंडळात सर्वांत कडाडून विरोध कुणी केला असेल? एका ज्यू मंत्र्याने. एडविन मॉन्टेग्यू. नाव ओळखीचं वाटतंय ना? हेच ते आपल्या शाळेच्या इतिहासातले माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणावाले भारतमंत्री. ऑगस्ट १९१७ मध्ये भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा त्यांनी केली आणि त्याच महिन्यात मंत्रिमंडळाला टिपण दिलं की हे ज्यू राष्ट्राचं धोरण ज्यूद्वेष्ट्यांच्याच पथ्यावर पडणार आहे. त्यांची भीती साधी होती. एकदा ज्यूंचं वेगळं घर ठरलं की जो तो देश आपल्या ज्यू नागरिकाला म्हणेल, तू इथला नव्हेस, तिथला. त्यांच्या विरोधामुळे पत्रात एक शेपूट जोडलं गेलं, की इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना आणि राजकीय दर्जाला बाधा येऊ नये. गंमत बघा, सातासमुद्रापारच्या ज्यूंचे राजकीय हक्क पत्रात आले, त्याच मातीतल्या अरबाचे नाही आले.

मोबाइलवर दर सप्टेंबरला हैफाची लढाई येते. २३ सप्टेंबर १९१८, जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडेस्वारांनी भाल्यांनिशी तोफा-मशीनगनवर चाल केली आणि शहर घेतलं. शौर्याबद्दल शंकाच नाही. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकाला २०१८ मध्ये हैफाचं नाव जोडलं ते योग्यच. पण 'भारतीयांनी इस्रायल मिळवून दिलं' हे जे खाली लिहिलेलं असतं, ते लिहिणाऱ्याला विचारावं, ते स्वार कुणाच्या पगारावर होते? ज्या साम्राज्यासाठी ते लढले त्याच साम्राज्याच्या पोलिसांनी २ जानेवारी १९४३ रोजी आमच्या मुरबाडच्या सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घातल्या. सिद्धगडावर दर २ जानेवारीला फुलं वाहायची आणि बाल्फोरच्या सरकारला कुणाचा तरी तारणहार म्हणायचं, हे एका तोंडाने जमत नाही.

आता १९४७. हे वर्ष आपल्याला पाठ आहे, पण अर्धंच. रॅडक्लिफसाहेब जुलैत आले आणि पाच आठवड्यांत पंजाब-बंगालवर रेघ मारून गेले. नेमक्या त्याच उन्हाळ्यात संयुक्त राष्ट्रांची अकरा देशांची समिती पॅलेस्टाइनवर रेघ कुठे मारायची ते बघत हिंडत होती. त्या समितीत भारताचे प्रतिनिधी होते, सर अब्दुर रहमान. समितीच्या बहुमताने फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया या तिघांनी वेगळा आराखडा दिला, एकच संघराज्य आणि त्यात ज्यू व अरब असे दोन घटक. २९ नोव्हेंबर १९४७ ला मतदान झालं. फाळणीच्या बाजूने तेहतीस, विरोधात तेरा, तटस्थ दहा. आपण विरोधात. पाकिस्तानही विरोधात! स्वतः धर्माच्या नावावर साडेतीन महिन्यांपूर्वी जन्मलेलं राष्ट्र दुसऱ्याच्या फाळणीला अन्याय म्हणत होतं. आणि ब्रिटन? ज्याच्या पत्राने हे सुरू झालं तो ब्रिटन तटस्थ. पोरं वर्गात मारामारी लावून खिडकीबाहेर बघत बसतात तसा.

मतदान २६ तारखेला व्हायचं होतं, पुरेशी मतं दिसेनात म्हणून लांबवलं. २६ ला फिलिपिन्सच्या प्रतिनिधीने फाळणीविरुद्ध जोरदार भाषण केलं, २९ ला त्याच देशाचं मत फाळणीच्या बाजूने पडलं. हैती आणि लायबेरियाही वळले. मधल्या तीन दिवसांत अमेरिकेतून कशी चक्रं फिरली त्यावर पुस्तकं आहेत. ज्यांनी जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदाची निवडणूक जवळून पाहिली आहे त्यांना पुस्तकाची गरज नाही.

कागदावर काय ठरलं? त्या वेळी लोकसंख्येत ज्यू साधारण एक तृतीयांश, त्यांच्या मालकीची जमीन सहा-सात टक्के, आणि त्यांच्या राज्याला दिलेला भाग निम्म्याहून जास्त. त्या भागात चार लाखांच्या आसपास अरब राहत होते. त्यांना विचारलं कुणी? सात-बाऱ्यावर नाव असलेल्या माणसाला फेरफाराची नोटीससुद्धा नाही.

'साम्राज्यवाद्यांचं बाहुलं' म्हणणाऱ्या आमच्या मित्रांसाठीही थोडं आहे. मे १९४७ मध्ये फाळणीचा मार्ग मोकळा करणारं भाषण केलं ते सोव्हिएत रशियाच्या ग्रोमिकोंनी. अमेरिकेने १४ मे १९४८ ला अकरा मिनिटांत मान्यता दिली खरी, पण शस्त्रांवर तिने बंदी घातली होती. १९४८ च्या युद्धात इस्रायलच्या हाती जी शस्त्रं आली त्यातली मोठी रास चेकोस्लोव्हाकियातून, स्टालिनच्या संमतीने. स्टालिनला ज्यूंचं प्रेम नव्हतं, ब्रिटनला मध्यपूर्वेतून हुसकायचं होतं. म्हणजे लाल काय आणि गोरे काय, पान ठेवताना सगळे एका ओळीत.

आपल्या पुढाऱ्यांबद्दलही बोलायला हवं, नाहीतर म्हणाल मास्तरांनी सोयीचं तेवढं घेतलं. गांधीजींनी नोव्हेंबर १९३८ च्या 'हरिजन'मध्ये लिहिलं की पॅलेस्टाइन अरबांचं आहे. मला ते पटतं. पण त्याच लेखात जर्मनीतल्या ज्यूंना त्यांनी सत्याग्रहाचा सल्ला दिला. ज्याच्या दाराशी हिटलरची माणसं उभी आहेत त्याला दिलेला तो सल्ला मला कधीही पटला नाही, आणि मी आयुष्यभर खादी वापरली आहे. सावरकरांनी १९ डिसेंबर १९४७ च्या निवेदनात ज्यू राष्ट्राचं स्वागत केलं आणि भारताच्या विरोधी मताबद्दल खेद व्यक्त केला. ज्यूंचं दुःख त्यांना दिसलं. पण हलवाई त्यांनाही दिसला नाही. नेहरूंचा आराखडा तिघांत मला अधिक शहाणपणाचा वाटतो, मात्र तो मानायला त्या दिवशी ना ज्यू तयार होते ना अरब. पुढे १७ सप्टेंबर १९५० ला आपण इस्रायलला मान्यता दिली, मुंबईत त्यांची वकिलात आली, पण पूर्ण राजनैतिक संबंध जुळायला जानेवारी १९९२ उजाडला. बेचाळीस वर्षं आपण 'ओळखतो पण बोलत नाही' अशा भाऊबंदकीत काढली.

आता आपल्या माणसांकडे येतो. शनवार तेली. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि वाचलेल्यांतून हा समाज वाढला, अशी त्यांची परंपरागत कथा. तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून हे नाव. आडनावं गावांवरून, किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर १७९६ चं, दिवेकरांनीच बांधलेलं. ठाण्याचं १८७९ चं, अजून आहे. ते मशीद म्हणत त्याला, आणि त्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

त्यांच्या सणांची जुनी नावं ऐका. खिरीचा सण. शिळा सण. होळीचा सण. आणि जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दिवसाचा उपास, त्याचं नाव 'बिरड्याचा रोजा'. कारण त्या दिवशी वालाचं बिरडं खायचं. दोन-अडीच हजार मैलांवरच्या मंदिराचा शोक आमच्या कोकणी वालाच्या बिरड्याने! भात कापल्यावर त्याच खाचरात जे कडवे वाल आम्ही पेरतो, तेच. मला हे पहिल्यांदा सांगितलं ठाण्याच्या कॉलेजातल्या माझ्या एका वर्गमित्राने. बी. ए.ला मराठी विषय घेतलेले आम्ही दोघे. व्याकरणात तो माझ्या पुढे, मला ज्ञानेश्वरी जरा बरी येई. आमच्या शेवटच्या वर्षानंतर त्याचं कुटुंब तिकडे गेलं. त्याची दोन पत्रं माझ्याकडे आहेत. अक्षर मोत्यासारखं, र्‍हस्व-दीर्घाची एक चूक नाही.

या लोकांना कुणी हाकललं नव्हतं. हे मी मोठ्या अभिमानाने नाही, वस्तुस्थिती म्हणून सांगतो. गावगाड्यात त्यांना तेल्याची जागा होती, वर नाही, आणि त्यांच्यातही गोरे इस्रायल-काळे इस्रायल अशी विटाळाची रेघ होती. जातीची कीड त्यांनाही लागलीच. पण कुणी त्यांची घरं जाळली नाहीत. १८९७ साली बासलला पहिली झायोनिस्ट परिषद भरली तेव्हा मुंबईच्या बेने इस्रायलींनाही बोलावणं आलं होतं. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. परत न्यायचं तर देव नेईल, ही त्यांची भूमिका. कुण्या साम्राज्याची सनद, कुण्या परराष्ट्रमंत्र्याचं पत्र, काही नसताना हा समाज कोकणात टिकला आणि वाढला. डॉ. ई. मोझेस १९३७ साली मुंबईचे महापौर झाले, वरळीकडे जाणारा रस्ता त्यांच्या नावाचा आहे. डॉ. अब्राहम एरुलकर गांधीजींच्या उपवासात त्यांची नाडी बघायचे.

आणि तरी ते गेले. १९५१ च्या जनगणनेत भारतात सव्वीस हजारांवर ज्यू होते, २०११ च्या जनगणनेत पाच हजारही नाहीत. का गेले? काहींना धर्माची ओढ, काहींना नोकरीची, इंग्रज गेल्यावर रेल्वे-पोस्टातल्या राखीव जागांची खात्री उरली नव्हती. घर मिळेल, काम मिळेल असं सांगणारे लोकही आले होते. माँटेग्यूची भीती उलट्या वाटेने खरी झाली म्हणा ना. इथे त्यांना कुणी 'तू तिथला' म्हटलं नाही, पण 'तिथलं' असं काही उभं राहिल्यावर इथलं घर आपोआप उतरणीला लागलं.

तिथे गेल्यावर काय झालं, हे पहिल्या प्रकारच्या मित्रांनी जरूर वाचावं. १९५१ च्या अखेरीस बेने इस्रायलींच्या एका गटाने तेल अवीवमध्ये धरणं धरलं. मागणी काय, तर आम्हाला परत मुंबईला पाठवा. रंगावरून हिणवलं जातं, हलकी कामं दिली जातात, अशी तक्रार होती. आणि १९५२ मध्ये त्यातल्या शंभराहून अधिक माणसांना खरोखरच विमानाने परत पाठवावं लागलं. (पुढे त्यातले कित्येक पुन्हा तिकडे गेले, हेही सांगायला हवं.) त्याहून मोठा घाव १९६२ चा. तिथल्या प्रमुख धर्मपीठाने फतवा काढला की बेने इस्रायलींशी इतर ज्यूंचा विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या आईच्या, आजीच्या, पणजीच्या, जाईल तितक्या मागच्या वंशाची चौकशी करावी. म्हणजे ज्यांनी दीड-दोन हजार वर्षं एकही धर्मगुरू नसताना शनिवार पाळला, सुंता पाळली, बिरड्याचा रोजा पाळला, त्यांना ज्यूंच्याच राज्यात विचारलं, तुम्ही नक्की ज्यू का? दोन वर्षं लोक लढले, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये रस्त्यावर बसले. शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेला ठराव करावा लागला की हे सर्वार्थाने ज्यू आहेत. नवगावच्या एकाही कुणब्याने किंवा आगऱ्याने हा दाखला त्यांच्याकडे मागितला नव्हता.

यावर 'मग त्या बिचाऱ्या युरोपातल्या ज्यूंनी जायचं कुठे?' हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. विचारणारा चुकत नाही. पण हा प्रश्न १९३८ साली एव्हियांला विचारायचा होता, लंडन-वॉशिंग्टनला विचारायचा होता. त्याचं उत्तर याफाच्या आणि हैफाच्या अरबाकडून वसूल केलं गेलं. १९४८ मध्ये सात लाखांवर अरब घरदार सोडून गेले किंवा हाकलले गेले, त्यांच्या नातवंडांकडे अजून घराच्या किल्ल्या आहेत. आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत इराक, येमेन, इजिप्त, मोरोक्कोतल्या ज्यूंनाही जवळजवळ तेवढ्याच संख्येने आपले देश सोडावे लागले. एका तुळशीपत्राने दोन्हीकडची घरं गेली.

म्हणून आता इस्रायल पुसून टाका असं म्हणणारा माणूस माझ्या दारात येऊ नये. तिथे आज तीन-चार पिढ्या जन्मलेल्या आहेत, त्यांचं दुसरं घर नाही. त्यात आपलीही माणसं आहेत. भारतीय वंशाचे ऐंशी-पंच्याऐंशी हजार लोक तिथे आहेत, मोठा भाग मराठी मुळाचा. दिमोनाला, लोदला, अश्दोदला. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिथे चालवलं. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने बाराशेच्या आसपास माणसं मारली, अडीचशे ओलीस नेली, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार त्या मोत्यासारख्या अक्षराचा आला. त्यानंतरची दोन वर्षं गाझात जे झालं, तिथल्या आरोग्य खात्याच्या आकड्यांप्रमाणे साठ हजारांवर माणसं, त्यात किती पोरं, त्याचं समर्थन करणाऱ्याशीही मला बोलायचं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धबंदी झाली, तिचा मसुदाही पुन्हा वॉशिंग्टनचाच.

त्याच्या आधीच्या महिन्यात, २१ सप्टेंबर २०२५ ला, ब्रिटनने पॅलेस्टाइन या राष्ट्राला मान्यता दिली. त्याच दिवशी कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दुसऱ्या दिवशी फ्रान्स. आपण ती १९८८ मध्येच दिली होती. लंडनमध्ये पॅलेस्टाइनचा झेंडा चढवला गेला. बाल्फोरच्या पत्राला तेव्हा एकशे आठ वर्षं व्हायला सहा आठवडे कमी होते. मान्यता दिली त्या दिवशी त्या राष्ट्राला सीमा नव्हती, गाझात उभी घरं फारशी उरली नव्हती, आणि वेस्ट बँकेतल्या टेकड्यांवर रोज नव्या वसाहती उठत होत्या. पान मात्र ठेवलं गेलं, पाणीही सोडलं गेलं, आणि दूरदर्शनवर साहेब गंभीर चेहऱ्याने सांगत होते की ही आमची ऐतिहासिक जबाबदारी आहे.